बाली बेट : ओळखीचा मोह

गेल्या काही वर्षांत दिवाळी अंकांतून, मंडळांच्या स्मरणिकांतून आणि घरगुती बैठकांतूनही बाली बेटाचे वर्णन वाचावयास व ऐकावयास मिळाले नाही, असे वर्ष विरळाच. आपल्या सभेतही या विषयावर पडद्यावर चित्रे दाखवून झालेली तीन व्याख्याने आम्ही ऐकली. वक्ते निराळे, चित्रे निराळी. पण मजकुराचा साचा जवळजवळ एकच. विमानतळाबाहेर पडताच चौकातील रथ आणि धनुर्धारी, हॉटेलच्या दारात झेंडूची फुले कानामागे खोवलेला गणपती, सूर्यास्ताच्या वेळी समुद्राकाठच्या कड्यावर रामायणाचे नृत्य, पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, आणि शेवटी समेवर यावे तसे एक वाक्य : ‘जे आपण गमावले, ते त्यांनी जपले.’ टाळ्या पडतात त्या या वाक्याला. प्रस्तुत लेखात आम्हांला विचार करावयाचा आहे तो मुख्यतः याच वाक्याचा, कारण बालीला जाणाऱ्या मराठी माणसाचे सुख त्यात आहे आणि त्याची फसगतही त्यातच आहे.

बालीची मोहिनी खोटी आहे असे कोणीही म्हणणार नाही. बेट लहान, आपल्या गोव्याच्या सुमारे दीडपट. लोकवस्ती चव्वेचाळीस लाखांच्या आसपास. परंतु एकट्या २०२४ या वर्षात तेथे त्रेसष्ट लाखांच्या घरात परदेशी पाहुणे उतरले. त्यांत ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल संख्या भारतीयांची, साडेपाच लाखांच्या आसपास. इतकी माणसे एका जागी जातात ती केवळ जाहिरातीला भुलून नव्हे. आम्हीही सौ.सह एका सहल कंपनीबरोबर तेथे जाऊन आलो. पहाटे फिरावयास निघावे तो प्रत्येक घराच्या, दुकानाच्या, इतकेच काय पण मोटारसायकल दुरुस्तीच्या टपरीच्याही उंबऱ्याशी ताडपत्राची तळहाताएवढी परडी ठेवलेली. तीत चार रंगांची फुले, भाताची शिते, कधी बिस्किट, कधी सिगारेटसुद्धा, आणि वर उदबत्तीची धुराची रेघ. ‘चनांग सारी’ म्हणतात तिला. दुपारपर्यंत ती पायदळी येते, कुत्री हुंगतात, कोणाला त्याचे काही वाटत नाही, कारण दुसऱ्या दिवशी नवी ठेवावयाचीच असते. हे दृश्य पाहून ज्याचे मन हलले नाही त्याने प्रवासाला निघूच नये.

लहानसहान खळग्यांचा उल्लेख आधी उरकून टाकू. हाती लाखालाखाच्या नोटा येतात आणि शून्ये मोजता मोजता भलाभला हिशेबनीस गोंधळतो. परवाना नसलेल्या सराफी टपऱ्यांचा धंदा या गोंधळावरच चालतो. उलुवातूच्या देवळापाशी माकडे चष्मे पळवतात आणि खाऊ मिळाल्याशिवाय परत करीत नाहीत. कोणत्या वस्तूला किती खंडणी मिळते हेही त्यांना कळते, असे संशोधकांनी तपासून लिहिले आहे. शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे की केवळ भाजी म्हणून पुढे आलेल्या पदार्थाच्या चटणीत कोलंबीचे ‘तेरासी’ असण्याचा संभव फार. दक्षिणेकडील रस्त्यांवर पंधरा किलोमीटरला कधी दीड तास लागतो. आणि ज्यांची सहल ‘न्येपी’च्या दिवशी येते, त्यांना चोवीस तास हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्या दिवशी दिवे नाहीत, विमानतळ बंद, आणि २०१८ पासून भ्रमणध्वनीवरील इंटरनेटही बंद. आमच्या मते मात्र हा तोटा नसून लाभ समजावा.

न्येपी म्हणजे शक संवत्सराचा पहिला दिवस. हा शक आपलाच. २०२३ साली न्येपी आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आले, आणि दोन्हीकडे शके १९४५ सुरू झाले. आकडाही तोच, दिवसही तोच. ही बातमी आपल्याकडे भ्रमणध्वनीवरून पुष्कळ फिरली आणि ती खरी होती. परंतु पुढच्या वर्षी न्येपी ११ मार्चला आली आणि पाडवा ९ एप्रिलला, कारण मधल्या काळात आपल्याकडे अधिक श्रावण होऊन गेला होता. ही दुसरी बातमी कोणी फिरवली नाही. आपण गुढी उभारतो, गोडाधोडाचे करतो. ते दिवा न लावता, घराबाहेर न पडता बसतात. शक एक, गणिताची रीत निराळी आणि दिवसाचा अर्थ तर पूर्ण उलटा. साम्य तेवढे उचलावे आणि भेद गाळावा, ही जी आपली सवय, तिचा हा नमुना.

असे नमुने पुष्कळ देता येतील. इंडोनेशियाच्या वीस हजार रुपियाच्या नोटेवर गणपती आहे, हे वाक्य बालीवरील जवळजवळ प्रत्येक मराठी लेखात भेटते. ती नोट १९९८ साली निघाली होती आणि २००८ च्या अखेरीस ती चलनातून काढून घेण्यात आली. लेखक मात्र तेथे आठवडाभर राहून, रोज पाकीट उघडून आणि ती नोट एकदाही न पाहता, परत आल्यावर ‘आहे’ असेच लिहितो. दिवसातून तीन वेळा ध्वनिक्षेपकावरून गायत्रीचे सूर ऐकू येतात, तेव्हा आपल्या माणसाच्या अंगावर काटा येतो आणि हजार वर्षांची अखंड परंपरा ऐकल्याचा भास होतो. ती ‘त्रिसंध्या’ या रूपात १९५० च्या दशकात जुळवली गेली आणि तिच्या रचनेत भारतातून तेथे जाऊन राहिलेल्या एका पंडितांचा वाटा मोठा होता. कारणही समजण्याजोगे आहे. स्वतंत्र इंडोनेशियाच्या धर्मखात्याने बालीच्या आचारांना ‘धर्म’ म्हणून मान्यता देण्याचे नाकारले होते. एक ईश्वर, एक ग्रंथ, ठरावीक प्रार्थना, असे काही असल्याशिवाय मान्यता नाही, असा एकूण रोख होता. बालीच्या लोकांनी खटपट करून, ‘सांग ह्यांग विधि’ या नावाने एक परमेश्वर पुढे ठेवून, १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती मान्यता मिळवली. आयुष्यभर सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाला या झगड्यातले शहाणपण लगेच कळते : अर्ज ज्या नमुन्यात मागितला आहे त्याच नमुन्यात भरून दिला, आणि घरातला देव्हारा होता तसाच ठेवला!

तीच गोष्ट कड्यावरच्या रामायणाची. शंभर पुरुष वर्तुळात बसून ‘चक्-चक्-चक्’ असा घोष करतात, मधोमध दीप, सीता, हनुमान, आग. हे ‘केचक’ १९३० च्या दशकातले. ‘सांगह्यांग’ नावाच्या, अंगात येण्याच्या एका विधीतला पुरुषांचा घोष घेऊन आणि त्याला रामकथा जोडून, बालीच्या नर्तकांनी ते उभे केले. त्या खटपटीत तेथे राहणारा वाल्टर स्पीस हा जर्मन चित्रकार होता, आणि समोर परदेशी प्रेक्षक होता. त्यामुळे ते हिणकस ठरत नाही. आपले संगीत नाटक तरी कोठे पुरातन आहे? परंतु ‘वाल्मीकींच्या काळापासून’ असे त्याचे वर्णन छापताना संपादकांनी तरी हात आखडावयास हवा होता.

याबाबत बालीचे लोक आपल्यापेक्षा पुष्कळच सावध आहेत. पर्यटकांपुढे देवळातली नृत्ये होऊ लागली तेव्हा तेथील पुरोहित, विद्वान आणि कलावंत १९७१ साली डेनपसारला परिसंवादासाठी जमले आणि त्यांनी नृत्यांचे तीन वर्ग पाडले : देवापुढचे ‘वली’, विधीच्या निमित्ताने होणारे ‘बेबली’ आणि निव्वळ पाहण्यासाठीचे ‘बलिह-बलिहन’. पाहुण्याला काय दाखवावयाचे आणि काय नाही, हे त्यांनी बसून ठरवले. सगळे एका फटक्यात सुटले असे नाही. अशा वाद्यांचा निकाल लागत नसतो. पण हा प्रश्न त्यांना पडला, त्यावर त्यांनी वाद घातला, हे समीक्षेचे काम आहे. आपल्या एकाही प्रवासलेखात त्याचा पुसट उल्लेख आम्हांला आढळला नाही. जपणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे एखाद्या राखणदारासारखा उभा असतो. तो विचार करतो, निवडतो, टाकतो, नवे रचतो, हे आपण ध्यानात घेत नाही.

ही दृष्टी आजची नाही. १९२६ मध्ये कलकत्त्यास ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ निघाली. १९२७ मध्ये रवींद्रनाथ जावा-बालीला गेले, त्यांची त्या प्रवासातील पत्रे प्रसिद्ध आहेत. त्यांच्याबरोबर गेलेल्या सुनीतिकुमार चतर्जींनी पुढे जो ग्रंथ लिहिला त्याच्या नावातच ‘द्वीपमय भारत’ आहे. रमेशचंद्र मजुमदारांनी तर सुदूर पूर्वेतील प्राचीन भारतीय ‘वसाहतीं’चा इतिहास लिहिला. ही माणसे थोर होती, पारतंत्र्यातील एका देशाला आपला मोठेपणा आठवून देणे ही त्या काळची निकड होती, आणि त्यांच्या विद्वत्तेपुढे आम्ही कोण! पण ‘वसाहत’ हा शब्द ज्या घरावर चिकटवला जातो त्या घरातल्या माणसाला तो कसा वाटेल, याचा विचार त्या लेखनात थोडका आहे. बालीला जे पोचले ते बहुतांशी जावामार्गे, चौदाव्या शतकातील माजापहित राज्याच्या काळात अधिक घट्ट होऊन पोचले, आणि आधीच्या पितरपूजेत, पर्वत-समुद्राच्या दिशाविचारात मुरले. आपल्या मराठी प्रवासवर्णनांनी तो विद्वत्तेचा भाग सोडला आणि अभिमान तेवढा उचलला. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पूर्वरंग’ची गोष्ट वेगळी, पूर्वेकडे पाहताना मधूनच वळून स्वतःकडे मिस्कीलपणे पाहण्याची त्यांची रीत होती. ती रीत उचलणारे लेखक पुढे कमी निघाले.

आणि ‘जपले’ या शब्दाचा दुसरा धनी कोण, हेही सांगितले पाहिजे. २० सप्टेंबर १९०६ रोजी डच फौज डेनपसारच्या राजवाड्यावर चालून गेली, तेव्हा राजा, राण्या, मुले, पुरोहित, सेवक पांढरी वस्त्रे नेसून, दागिने घालून बाहेर आले आणि तोफा-बंदुकांपुढे चालत गेले. जे उरले त्यांनी स्वतःच्या कट्यारींनी प्राण दिले. ‘पुपुतान’ म्हणतात याला. १९०८ मध्ये क्लुंगकुंगला पुन्हा तेच घडले. युरोपात बोभाटा झाला. त्यानंतर डच सरकारने बालीला ‘जसे आहे तसे’ जपण्याचे धोरण आखले, शाळांतून मुलांनी काय नेसावे आणि काय नाचावे येथवर! पुपुतान झाला त्याच परिसरात १९२८ साली डच जहाज कंपनीचे ‘बाली हॉटेल’ उभे राहिले. म्हणजे बालीला जिवंत संग्रहालय मानणारा पहिला मनुष्य भक्त नव्हता, राज्यकर्ता होता. पुढे १९६५-६६ च्या कत्तलीत या ‘देवांच्या बेटा’वर सुमारे ऐंशी हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज अभ्यासक देतात, म्हणजे दर वीस माणसांमागे एक. मारणारे आणि मरणारे बव्हंशी बालीचेच. त्याच १९६६ साली, जपानने दिलेल्या युद्धभरपाईच्या पैशांतून बांधलेले, सानूरच्या किनाऱ्यावरचे मोठे हॉटेल सुरू झाले. ‘शांत, सात्त्विक, हसतमुख लोक’ असे लिहिणाऱ्या लेखकाने हे ठाऊक असूनही तसे लिहावे, आमची हरकत नाही. ठाऊक नसताना लिहू नये. डेनपसारचे पुपुतान मैदान आमच्या सहलीच्या कार्यक्रमात नव्हते. बस त्याच्या कडेने गेली तेव्हा मार्गदर्शक पुढच्या दुकानातील सवलतीविषयी बोलत होता.

येथे थोडे घरचे बोलू. आपण माळव्यातले मराठी. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज होळकरांच्या, शिंद्यांच्या मागे नर्मदा ओलांडून आले आणि येथलेच झाले. पुण्या-मुंबईचे पाहुणे आपल्याकडे येतात तेव्हा काय होते, हे या पत्रिकेच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. चैत्रगौरीचे हळदीकुंकू, पंक्तीचा थाट, एखादा जुना शब्द ऐकला की त्यांचे डोळे पाणावतात : ‘अहो, तुम्ही किती जपलेत!’ आणि दुसऱ्याच क्षणी आपली नात ‘मी करून राहिले’ म्हणाली की त्यांना हसू आवरत नाही. कौतुक आणि हसू, दोन्ही एकाच जागेवरून येतात. त्यांच्या मते खरी मराठी तिकडे वाढते आणि इकडे फक्त साठवली जाते. साठवणीत जे बदलले ते बिघडले. आपण येथे हिंदीशी, माळवीशी रोज देवघेव करून एक निराळी मराठी घडवली, तीत काव्य केले, नाटके बसवली, कचेऱ्या चालवल्या, याचे त्यांना कौतुक नसते, कारण ते त्यांना दिसतच नाही. या कौतुकाने आपल्याला बरे वाटते आणि आत कुठेतरी बोचतेही. ज्यांना हे बोचणे ठाऊक आहे तीच मंडळी बालीला जाऊन त्या लोकांना नेमके तेच ऐकवतात, याचे आम्हांला नवल वाटते.

वास्तविक बालीच्या देवळात पाऊल टाकताच भेद समोर उभा राहतो. आमच्या गटातील एका काकूंनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता : ‘देव कोठे आहे?’ तेथे गाभारा नाही, रोज न्हाऊमाखू घालावयाची मूर्ती नाही. उघड्या आकाशाखाली दगडी ‘पद्मासन’ असते, आणि ते रिकामे. देव तेथे राहत नाहीत. देवळाच्या वर्धापनाला, बहुधा दर दोनशे दहा दिवसांनी, त्यांना बोलावतात, ते उतरतात, पाहुणचार घेऊन परत जातात. एरव्ही जागा रिकामी ठेवणे हीच उपासना. काकूंना उत्तर मिळाले, ‘मूर्ती चोरीला गेली असेल’. ते आमच्याच गटातील एका विद्वानांनी दिले. आवारातला गणपती ज्याने पाहिला आणि हे रिकामे आसन ज्याने पाहिले नाही, त्याने बाली पाहिले नाही असे आमचे मत आहे.

आता भातशेतीकडे. आमची हयात मध्यप्रदेश शासनाच्या सिंचन खात्यात गेली, तेव्हा येथे थोडे रेंगाळलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. छायाचित्रांतून दिसतात त्या पायऱ्या ही शोभा आहे. त्यामागची व्यवस्था म्हणजे ‘सुबक’. एका पाटावर ज्यांची शेते भिजतात त्या सर्वांचा मिळून एक सुबक. त्याचे स्वतःचे नियम, स्वतःचा प्रमुख, स्वतःचे देऊळ. हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपटांतून तिचे उल्लेख सापडतात. २०१२ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतले. पाण्याची वाटणी कशी होते? पाटात आडवे लाकूड टाकतात, त्याला खाचा पाडतात. खाचेची रुंदी ज्याच्या त्याच्या हिश्शाच्या प्रमाणात. ‘तेंबुकु’ म्हणतात त्याला. पाणी कमी येवो की अधिक, प्रमाण बिघडत नाही, आणि बांधावर उभ्या असलेल्या कोणालाही आपला हिस्सा डोळ्यांनी दिसतो. आमच्याकडे दरवाजाची किल्ली एकाच्या खिशात आणि विसर्गाचा आकडा दुसऱ्याच्या नोंदवहीत असे. शेतकऱ्याला दोन्ही दिसत नसत.

पण खरी खुबी वाटणीत नाही, वेळापत्रकात आहे. शेजारचे सुबक एकाच वेळी लावणी-कापणी करून जमीन एकदम मोकळी ठेवतील तर किडीला खावयास काही उरत नाही. मात्र सर्वच सुबकांनी एकदम पाणी मागितले तर ते पुरणार नाही. या दोहोंचा मेळ घालून कोणी केव्हा पेरावे हे पाण्याच्या देवळांतून, वरच्या सरोवरकाठच्या मोठ्या देवळापर्यंत, ठरत आले. १९७० च्या दशकात अधिक उत्पन्न देणारे भात आले आणि सरकारी सल्ला निघाला की देवळाच्या तिथीकडे न पाहता जमेल तितक्या वेळा पिके घ्या. तुडतुडे आणि रोगराई यांनी पिकांचा धुव्वा उडवला, पाण्यावरून भांडणे लागली. स्टीफन लॅन्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने संगणकाच्या साहाय्याने तपासून दाखवले की देवळांचे वेळापत्रक हे कर्मकांड नसून हिशेब आहे. त्याचे ‘प्रीस्ट्स अँड प्रोग्रॅमर्स’ हे पुस्तक १९९१ चे. आमच्यासारख्या अभियंत्यांच्या सहवासात वाढलेल्या अधिकाऱ्याला हे वाचताना खाली पाहावे लागते.

मराठी माणसाला बालीत आपले काही शोधावयाचेच असेल तर ते येथे शोधावे. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांवर कित्येक शतके चालत आलेली ‘फड’ पद्धती हेच शहाणपण सांगते : लाभक्षेत्राचे फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक, पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला. दोघे एकमेकांपासून शिकले नाहीत, कोणी कोणाची ‘वसाहत’ नव्हते; तरी साम्य असे की थक्क व्हावे. या साम्यात अभिमानाला जागा नाही, अभ्यासाला आहे. म्हणून कदाचित त्यावर कोणी लिहीत नाही.

शिवाय हे सर्व ज्या जमिनीवर उभे आहे ती जमीन आपल्यासारख्यांच्या वर्दळीने आक्रसत आहे. शेतांच्या जागी व्हिला आणि उपाहारगृहे उठतात, पाट मध्येच तुटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये डेनपसारला पुराने माणसे मेली, तेव्हा पाणी मुरावयाची शेते उरली कोठे, हा प्रश्न तेथील सरकारलाही टाळता आला नाही. १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपियांचा कर संस्कृती व निसर्ग यांच्या रक्षणासाठी घेतात. आमच्या गटात त्यावरून कुरकुर झाली. रक्कम आपल्या हजार रुपयांच्याही आत.

जतिलुविहला सहल कंपनीने चाळीस मिनिटे दिली होती. मंडळी छायाचित्रांत गुंतली तेव्हा आम्ही चालकाला घेऊन बांधावरून खाली उतरलो. तो सुबकातल्याच घरचा, दुसरा मुलगा, म्हणून नाव माडे. त्याने पायाने गवत बाजूला सारून तेंबुकु दाखवला. त्याच्या वडिलांच्या शेताच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या गावी, कोणी परदेशी गृहस्थाने भाडेपट्ट्याने जमीन घेऊन पोहण्याचा तलाव बांधला आहे. पाळीचे पाणी आता पूर्वीसारखे येत नाही. तो गृहस्थ सुबकाच्या बैठकीला येत नाही, कारण तो भात लावत नाही. मग त्याने विचारले की आमच्या देशात पाण्याची पाळी कोण ठरवतो. आम्ही त्याला १९९९ चा कायदा, त्याखाली निघालेल्या जल उपभोक्ता संथा, त्यांच्या निवडणुका असे सर्व मोडक्या इंग्रजीत सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि निवडून आलेल्या अध्यक्षाचे शेत पाटाच्या वरच्या अंगाला असते की खालच्या, एवढेच विचारले. वरून बसचा भोंगा वाजू लागला होता.